गार्ड सरांचे डब्बे

गार्ड सर शिटी वाजवल्याशिवाय कुठलीच गोष्ट सुरू करत नसत. प्रार्थना, पाढे, खिचडीची पंगत, अगदी शाळेचं कुलूप काढणंसुद्धा. आधी एक शिटी, मग काम. फोनवर त्यांचं उलटं होतं. बोलणं संपलं की "ठेवतो" म्हणायचे नाहीत. तिकडून एक आखूड शिटी यायची आणि फोन बंद व्हायचा. पहिल्यांदा ती माझ्या कानात वाजली तेव्हा मी दारव्ह्याच्या बसस्टँडवर उभी होते, आणि फोन हातातून पडता पडता राहिला. पुढे इतकी सवय झाली, की दुसऱ्या कुणी नुसतं "बरं, बाय" म्हणून फोन ठेवला की बोलणं अर्धवट राहिल्यासारखं वाटे.

ते गार्ड नव्हते. बोरी अरबच्या अलीकडच्या एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. गार्ड होते त्यांचे वडील, त्या बाजूनं जाणाऱ्या छोट्या रेल्वेवर. ती गाडी बंद पडून बरीच वर्षं झाली. रूळ मात्र शाळेच्या मागे तसेच आहेत. त्यांच्यावर बाया मिरच्या वाळत घालतात, बकऱ्या बसतात. वडिलांची शिटी आणि हिरवी झेंडी सरांनी ठेवून घेतली होती. झेंडीचा रंग उडून शेवाळासारखा झालेला. शिटी मात्र लख्ख होती, कारण ती दिवसभर वापरात असे. मी एकदा विचारलं, की एवढी शिटी कशाला? तर म्हणाले, "माहे बाबा म्हणत, शिटी दिली म्हंजे जिम्मेदारी घेतली. मंग गाडीत जे होईन ते आपल्यावर."

मी यवतमाळची. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटात झालं. आमच्याकडे कुठल्याही इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, मग तिथं भिंतीवर येशू असो नाहीतर गणपती. मला मराठी वाचता येतं, लिहिता येतं. पण अनोळखी माणसांसमोर कुठल्याच भाषेत फारसं बोलता येत नाही. तरी एका संस्थेत मला नोकरी लागली ती शाळा-शाळांत जाऊन शिकवण्याची. टॅबची पेटी घेऊन जायचं आणि मुलांना ठोकळ्यांचं कोडिंग दाखवायचं. त्यात टाइप काहीच करावं लागत नाही. पडद्यावर रंगीत ठोकळे असतात, त्यांच्यावर "पुढे चाल", "उजवीकडे वळ", "पुन्हा कर" असं लिहिलेलं असतं. ते बोटानं ओढून एकाखाली एक अडकवायचे, मग वरच्या हिरव्या झेंडीवर बोट टेकवायचं. ठोकळे ज्या क्रमानं लावले त्या क्रमानं पडद्यावरचं मांजर हलतं. एवढंच.

हे मी सरांना पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"मॅडम, हे तं डब्बे हायत."

"ब्लॉक्स," मी म्हटलं.

"तेच ते. एकामागं एक जोडाचे. अन् सुरू कराले हिरवी झेंडी! ज्यानं बनवलं त्याच्या घरी कोणी ना कोणी रेल्वेत असन, लिहून घ्या." असं म्हणून त्यांनी कपाट उघडलं, खडूच्या खोक्यामागून ती शेवाळी झेंडी काढली आणि शिटी वाजवली. व्हरांड्यातली मुलं धावत आली. सर म्हणाले, "चला रुळावर!"

टॅब त्या दिवशी पेटीतच राहिले. पुढचे कितीतरी दिवस राहिले. सरांनी सोयाबीनच्या बियाण्याची खोकी फाडून पुठ्ठे केले, त्यांना सुतळी लावली आणि प्रत्येक मुलाच्या गळ्यात एकेक सूचना अडकवली. एक मूल इंजिन. बाकीचे डब्बे. डब्ब्यांनी रांगेत उभं राहून पाळीपाळीनं आपली सूचना ओरडायची आणि इंजिनानं ती पाळायची. एक पाऊल म्हणजे रुळाखालचा एक स्लीपर. पार सिग्नलच्या गंजलेल्या खांबापर्यंत गाडी पोचली पाहिजे. झेंडी दाखवून शिटी दिल्याशिवाय इंजिनानं हलायचं नाही.

पहिल्या दिवशी इंजिन झालेला मुलगा बरा चालत होता, पण एका डब्ब्यानं "उजवीकडे वळ" चुकीच्या जागी म्हटलं. समोर बेशरमीची झुडपं. मुलगा वळला, थबकला आणि शहाण्यासारखा झुडपांना वळसा घालून पुन्हा रुळावर आला.

"काबे, वळसा घालाले तुले कोणी सांगतलं?" सरांनी विचारलं.

"कोणीच नाही. पण सर, समोर बेशरम हाय ना!"

"असू दे. इंजिनाले मन नसते, फक्त कान असते. सांगतलं तं झुडपात जाचं. जाय."

मुलगा मुकाट्यानं झुडपात शिरला. सगळी शाळा हसून लोळली. ज्यानं चुकीचं सांगितलं होतं तो मात्र रडवेला झाला. तेव्हा सर त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या गळ्यातला पुठ्ठा काढून घेत म्हणाले, "तू चुकला नाहीस. डब्बा चुकीच्या जागी लागला. काढाचा अन् दुसरीकडे लावाचा. त्यात रडाचं कायले?" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुढे रोज ऐकलं. त्या शाळेत कुणाला "ढ" म्हणायची बंदी होती. डब्बा कुठं चुकीचा लागलाय तेवढंच शोधायचं.

समीक्षा तेव्हा तिसरीत होती. दिवाकरभाऊंची मुलगी. बोरीला त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. ती कुणाशी बोलत नसे. विचारलं तरी खाली बघायची. मला ती लगेच ओळखू आली, कारण मीही वर्गात अशीच बसत असे. तिच्या गळ्यात नेहमी "पुन्हा कर" हा पुठ्ठा असायचा. तो कुणाला नको असे. एकदा सरांनी गाडी लांबच्या खांबापर्यंत न्यायला सांगितली. मुलांनी "पुढे चाल"चे सगळे पुठ्ठे संपवले तरी इंजिन अर्ध्या वाटेतच. भांडणं सुरू झाली. तेवढ्यात समीक्षा शेवटून निघाली, रांगेतल्या एकेकाला धरून बाजूला बसवू लागली. शेवटी एकच मुलगी उरली आणि तिच्यासमोर ही.

"तू एकदा म्हण, पुढे चाल," समीक्षा तिला म्हणाली. "मंग मी म्हणतो, पुन्हा कर. खांब येतपर्यंत."

इंजिन एकेक स्लीपर ओलांडत खांबाला जाऊन टेकलं. सर टाळी वाजवायला विसरले. मग एकदम ओरडले, "अरे, अख्खी मालगाडी एका डब्ब्यात बसवली पोरीनं!" त्या दिवशी मी घरी जाताना जीपमध्ये उगीचच हसत होते. शेजारच्या बाईंनी विचारलंसुद्धा, काय झालं म्हणून. मी काही सांगितलं नाही.

हे सगळं सर हौसेनं करत होते, पण नुसत्या हौसेनं नाही. शाळेचा पट, म्हणजे मुलांचा आकडा, वर्षावर्षाला उतरत होता. रोज सकाळी प्रार्थनेच्या वेळी गावात दारव्ह्याच्या कॉन्व्हेंटची पिवळी व्हॅन येऊन हॉर्न वाजवायची, आणि टाय लावलेली मुलं तिच्यात चढायची. सर त्या हॉर्नवर ताण म्हणून शिटी जोरात वाजवत. पट फार कमी झालेल्या शाळा बंद करून मुलं शेजारच्या गावात पाठवायची, असं चाललं होतं, आणि आमच्या शाळेचं नाव त्यात येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. सरांना वाटे, कोडिंग हा उपाय आहे. "कॉन्व्हेंटवाल्यायजवळ काय हाय? टाय हाय. आपल्याजवळ कॉम्प्युटर हाय. लोकायले एकदा डोयानं दिसलं पाहिजे, मंग पाहा, व्हॅन रिकामी जाते का नाही." मला म्हणत, "मॅडम, तुम्ही गावातून चालतानी इंग्रजीत बोलत जा. आइकू द्या लोकायले." मला ते कधी जमलं नाही. मी एकटीच चालत असे, कुणाशी बोलणार?

मग टॅब बाहेर निघाले. मुलांना काहीच शिकवावं लागलं नाही. रुळावर जे केलं तेच पडद्यावर होतं. एकच अडचण आली. ठोकळे भराभर जोडून झाले की मुलं हिरव्या झेंडीवर बोट धरून नुसती बसून राहायची. मला वाटलं टॅब अडकले. मी एक टॅब हातात घेऊन पाहिला तर एक मुलगा वैतागून म्हणाला, "मॅडम, शिटी कुठं झाली अजून?"

उन्हाळ्याच्या तोंडावर दारव्ह्याला तालुक्यातल्या शाळांच्या उपक्रमांचं प्रदर्शन भरलं. आमच्या शाळेतून समीक्षा. सरांनी गावातून लोक नेले, दोन जीप भरून. दिवाकरभाऊ दुकान बंद ठेवून आले. मंचावर मोठ्या पडद्याला टॅब जोडला होता. समीक्षानं ठोकळे लावले, मांजर, रूळ, खांब, सगळं तयार केलं, हिरव्या झेंडीवर बोट नेलं आणि थांबली. साहेब लोक वाट पाहताहेत. कुणीतरी हळूच म्हणालं, "दाब, बेटा, घाबरू नको." ती घाबरली नव्हती. ती समोर पाहत होती. सरांना शिक्षकांमध्ये मागे बसवलं होतं. ते उठले, खुर्चीवर उभे राहिले आणि भर सभागृहात शिटी वाजवली. पुढच्या रांगेतल्या एका साहेबांच्या हातून चहाचा कप निसटला. पडद्यावरचं मांजर चालू लागलं, खांबापर्यंत गेलं, वळलं आणि परत आलं. टाळ्यांचा आवाज मला अजून आठवतो. दिवाकरभाऊ डोळे पुसत शेजाऱ्याला सांगत होते, "माही पोरगी हाय ते. माही."

परतीच्या जीपमध्ये सर झेंडी मांडीवर घेऊन बसले होते. मला म्हणाले, "झालं, मॅडम. आता शाळा वाचली."

जूनमध्ये शाळा उघडली त्याच दिवशी दिवाकरभाऊ पेढे घेऊन आले.

"घ्या सर. तुमच्यामुळंच झालं सगळं."

"माह्यामुळं कायले, दिवाकरभाऊ? पोरीचं डोकं हाय."

"तेच तं म्हणतो ना मी! मले माहीतच नव्हतं. मले वाटे, घुमी हाय बापडी, शिकन तितकं शिकन. आता कळलं का डोकं हाय. मंग इथं ठेवून कायले वाया घालवू? टीसी द्या, सर. कॉन्व्हेंटात टाकून राह्यलो."

सरांनी हातातल्या पेढ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "इथंच तं शिकली, भाऊ."

"शिकली ना. नाही कोण म्हणते? तुमचे उपकार मरेपर्यंत विसरणार नाही. पण पुढं काय? आता या मॅडमच पाहा." त्यांनी माझ्याकडे हात केला. "लेकराले कॉम्प्युटर शिकवाले सरकारनं कोणाले पाठवलं? या काय झेडपीत शिकल्या असन? काहो मॅडम, शिकल्या का झेडपीत?"

मला सरकारनं नव्हतं पाठवलं, पण तो मुद्दा नव्हता. सर माझ्याकडे पाहत होते. दिवाकरभाऊ पाहत होते. दारात समीक्षा उभी होती, तीही.

"नाही," मी म्हटलं.

"पाहा," दिवाकरभाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात कुचकेपणा अजिबात नव्हता. उलट माझं कौतुक होतं.

सरांनी पेढा खाल्ला, खिशातून पेन काढला आणि टीसीवर सही केली. शिटी न वाजवता केलेलं त्यांचं ते मी पाहिलेलं पहिलं काम.

त्या महिन्यात पेढ्याचे पुडे येतच राहिले. ज्या ज्या मुलाला टॅबवर काही सुंदर जमलं होतं, त्याचे आईवडील आनंदानं आले, पाया पडले आणि दाखला घेऊन गेले. सर घरोघरी फिरले. मी एक-दोनदा सोबत होते. ते ओसरीवर बसून समजावत, "पोरगं लय हुशार हाय तुमचं, शाळेतून काढू नका." ओसरीवरचा माणूस मान डोलवायचा. "हुशार हाय म्हणूनच, सर." आता हुशार नाही म्हणावं, तर खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. एकदा परतताना रस्त्यात थांबून म्हणाले, "पोट्ट्यायले ढ म्हणत राहाले पाहिजे होतं, मॅडम. इथंच राह्यले असते." मी हसले. तेही हसले. मला वाटलं, गंमत करताहेत.

खेळ चालू होता, पण डब्बे कमी पडत होते. एकेका मुलाच्या गळ्यात तीन-तीन पुठ्ठे. कुणीतरी मलाही एक घातला. पावसानं पुठ्ठे भिजून फुगले होते, अक्षरं पसरली होती. सर नवीन करतो म्हणाले आणि केले नाहीत. सकाळी व्हॅनचा हॉर्न वाजला की ते आता शिटी वाजवायचं थांबत. व्हॅन जाऊ देत, मग वाजवत. पुढे पुढे वाजवली तरी हळू.

एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी मला विचारलं, "मॅडम, खरं सांगा. तुमच्या आईबाबानं तुम्हाले कॉन्व्हेंटात टाकलं, तं चांगलंच केलं ना?"

मला "नाही" म्हणायचं होतं. शाळेत मी किती गप्प होते, मला तिथं एकदाही कुणी इंजिन केलं नव्हतं, हे सांगायचं होतं. पण माझी नोकरी, माझे कपडे, माझ्या हातातला फोन, सगळं त्यांच्या समोर होतं.

"माहीत नाही, सर," मी म्हटलं.

"म्हंजे केलंच," ते म्हणाले. "मंग लोकायचं बरोबर हाय." आणि उठून हात धुवायला गेले.

दिवाळीनंतर हुकूम आला. उरलेल्या मुलांनी बोरीच्या शाळेत जायचं आणि सरांनी पार वणीकडं, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. शेवटच्या दिवशी मी टॅब परत न्यायला गेले. सर मुलांना घेऊन रुळावर होते. दुपारची वेळ, बायांनी मिरच्या बाजूला सारून जागा करून दिली होती. तेवढ्यात व्हॅन आली, कॉन्व्हेंट लवकर सुटलं होतं त्या दिवशी. समीक्षा उतरली. टाय, बूट, पाठीवर मोठं दप्तर. रुळाच्या कडेला येऊन उभी राहिली.

"कशी हायस वं?" सरांनी विचारलं.

"बरी."

"तिथं कॉम्प्युटर हाय?"

"हाय ना. काचेच्या खोलीत हाय. बूट बाहेर काढा लागते. मॅडम चालवते, आम्ही पाहतो." मग तिला वाटलं, सर नाराज होतील, म्हणून तिनं घाईघाईनं संगणकाची व्याख्या इंग्रजीत म्हणून दाखवली. न अडखळता. डोळे खाली, अगदी पूर्वीसारखे.

"वा," सर म्हणाले. "इंजिन होतेस का आज?"

ती एक पाऊल पुढे आली. घराच्या दारातून तिची आई ओरडली, "समीक्षे, बूट खराब होईन! आधी घरी ये!" ती गेली. सरांनी तिच्या वाटेकडे पाहत झेंडी वर केली, शिटी दिली. एक लहान मुलगा स्लीपर मोजत खांबाकडे निघाला. बाकीचे त्याच्यासाठी ओरडत होते. सर पाहत नव्हते.

वर्षभरानं मी त्यांना फोन केला. संस्थेचे टॅब आता वणी भागातल्या शाळांतही गेले होते, आणि त्यांच्या शाळेचं नाव मला दिसलं होतं. मला इतका आनंद झाला, की मी आपण होऊन फोन लावला. तसं मी सहसा करत नाही. मागं कसला तरी खडखडाट चालला होता.

"कोळशाची गाडी हाय, मॅडम," ते म्हणाले. "शाळेच्या मांगूनच जाते. खरीखुरी. डब्बे संपतच नाही."

"मुलं खूश असतील."

"पोट्टे पाहतही नाही तिकडं. रोजचंच हाय."

मी टॅबचं विचारलं. ते आले होते. पेटीत होते, कपाटात. मी विचारलं, काही अडचण आहे का, मी येऊ का एखाद्या दिवशी. मला वाटलं गाडीच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा विचारलं.

"नका येऊ, मॅडम," ते म्हणाले. "इथला पट चांगला हाय. वर्ग भरलेले हायत. एक पोरगी हाय, लय चलाख. मी पाहतो तिच्याकडं. मी बोलत नाही काही. एकदा सांगतलं का तू हुशार हायस, मंग आलीच व्हॅन."

मी फक्त हाक मारली. सर, म्हटलं.

"चांगलं चाललं हाय," ते म्हणाले. "खरंच."

मी फोन कानाशी धरून शिटीची वाट पाहत राहिले. मागं डब्बे खडखडत जात होते, एकामागं एक. मग तेही ऐकू येईनासे झाले. पडद्यावर पाहिलं तर त्यांनी फोन ठेवलेला होता.